खिशावरचे हिरवे टाके

शर्टाच्या खिशाचं तोंड टाके घालून बंद करणारी शिंपीण अख्ख्या शहापूर तालुक्यात मी एकटीच असेन. तेही गिऱ्हाइकाच्या नाही, सख्ख्या धाकट्या भावाच्या शर्टाच्या. त्या खिशाची गोष्ट दोन हजार साली शहापूरच्या सभागृहात भावानं माइकवरून सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ती पेपरात छापूनही आली. पेपरवाल्यानं माझं नाव राहीच्या जागी राणी छापलं, ते एक सोडून देऊ. पण भावानं सांगितली ती अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी त्यालाही तेव्हा ठाऊक नव्हती. म्हणून आता मीच सांगते.

आम्ही मूळचे डोळखांबच्या वरच्या एका पाड्यावरचे. आईबाप दिवाळी सरली की वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. धाकट्या भगीरथची शाळा बुडू नये म्हणून मी त्याला घेऊन किन्हवलीला मामाकडे राहिले. माझी स्वतःची शाळा सातवीत सुटली आणि मी कोंडू शिंप्याच्या दुकानात काजं करायला बसले. पुढं मशीन शिकले, कापायला शिकले, कोंडूमामा थकल्यावर दुकान मीच चालवू लागले. आईबाप एकामागोमाग गेले. माझं लग्न बघू बघू म्हणता राहून गेलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, विचारणाऱ्यांचा मात्र राग येतो.

भगीरथ दहावीला पहिला आला, मग डिप्लोमा केला, मग डिग्री. कंपनीत गेला असता तर कल्याणला ब्लॉक घेऊन राहिला असता. पण मुरबाडला एमआयडीसीच्या बाजूला नवं तंत्रनिकेतन निघालं, दहावीनंतर तीन वर्षं मेकॅनिकल शिकायचं, आणि हा तिथं शिकवायला लागला. रोज किन्हवलीहून एस.टी.नं जायचा-यायचा. त्याच्या वर्गात निम्मी पोरं आमच्यासारखीच, पाड्यांवरची आणि गावकुसाकडच्या वस्त्यांमधली. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, आणि इथं पुस्तकं सगळी इंग्रजीत.

पहिल्याच वर्षी एक शब्द अडला. अलाउन्स. धाकलू नावाचा एक पोरगा, त्याचा बाप एस.टी.त कंडक्टर, तो उभा राहून म्हणाला, "सर, अलाउन्स म्हंजे भत्ता. बापाला भेटतो. पन लोखंडाला कसला भत्ता?" सगळा वर्ग हसला. भगीरथनं तीन वेळा इंग्रजीत सांगून पाहिलं. पोरं माना हलवत होती, आणि कळलेल्या पोराची मान कशी हलते ते भगीरथला चांगलं ठाऊक होतं.

मग त्यानं विचारलं, "तुमची आई शिंप्याला काय सांगते रे?"

मागून अंजू म्हणाली, "माया ठेव सांगते. शिवणीत कापड जादा ठेव, पोर वाढतंय सांगते."

"हां. लोखंडाचंही तसंच. साच्यात ओतलेला तुकडा बाहेर येतो तेव्हा खडबडीत असतो. तो मशीनवर कापून, घासून मापात आणायचा. मग साचाच नेमक्या मापाचा केला तर कापायला उरेल काय? म्हणून मुद्दाम थोडं जादा ठेवायचं. ती माया."

संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाला, "बाय, आज तुझा शब्द वर्गात चालवला." मी म्हटलं, "चालव, मला काय." पण त्या दिवशी मी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता, आणि तो लपवायचा कसा तेही येत नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात परीक्षा झाली. पेपरात नेमका तोच प्रश्न आला. एकतीस पोरांनी उत्तर लिहिलं, इंग्रजीतच लिहिलं, पण अलाउन्सच्या जागी एकतीस जणांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं 'माया'. त्या शब्दाला दुसरंही काही नाव असतं हे पोरं पार विसरून गेली होती.

पेपर तपासणारा कुठल्या शहरातला होता देव जाणे, आणि मराठी नसावाच. त्यानं मंडळाला कळवलं, मंडळानं संस्थेला पत्र धाडलं. एकतीस जणांचा निकाल राखून ठेवला आहे, सामुदायिक कॉपीचा संशय आहे, चौकशी होईल. आणि खाली लिहिलं होतं, माया नावाची विद्यार्थिनी आपल्या संस्थेत आहे काय, असल्यास तिलाही हजर ठेवावे.

आता हसू येतं. तेव्हा आलं नाही. कॉपी ठरली असती तर एकतीस पोरांचं वर्ष गेलं असतं, आणि आमच्याकडं गेलेलं वर्ष परत येत नसतं. एक वर्ष घरी बसलेला पोरगा पुढच्या दिवाळीनंतर आईबापाबरोबर भट्टीवर दिसतो, पोरगी सासरी दिसते. अंजू तर आमच्या शेजारचीच. आधीच तिच्या घरच्यांनी नाक मुरडत तिला पाठवलं होतं.

प्राचार्यांनी भगीरथला बोलावून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो, पण घाबरट होता. म्हणाला, "तुम्ही एवढंच लिहून द्या, की हा शब्द मी शिकवलेला नाही. मुलांनी आपसांत काय केलं ते मला माहीत नाही. संस्था वाचेल, तुम्हीही वाचाल."

भगीरथनं हे मला जेवताना सांगितलं. मी विचारलं, "मग तू काय करनार?"

"बघू."

"बघू काय, बघू?"

तो हात धुऊन उठला. रविवारी दुपारभर कागद घेऊन बसला. इंग्रजीत लिहायचा, खोडायचा, परत लिहायचा. मी मशीन चालवत तिरप्या डोळ्यानं बघत होते. मला इंग्रजी येत नाही. अंगाची मापं लिहायचे आकडे तेवढे येतात.

सोमवारी चौकशी, पालकांनाही बोलावलेलं. सकाळी तो आंघोळीला गेला आणि मी त्याचा शर्ट इस्त्रीला घेतला. मीच शिवलेला, पहिल्यांदा नोकरीवर जाताना घातलेला, दुधाच्या सायीच्या रंगाचा. खिशात घडी घातलेला कागद लागला. उघडला. सगळा इंग्रजीत, वर कुणाला तरी लिहिलेलं, मधे दहा-बारा ओळी, खाली त्याची सही, ती तेवढी ओळखू आली.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे यानं लिहून दिलं! ज्या शब्दानं पोरांना शिकवलं तो शब्द नाकारला, पोरांना नाकारलं, आणि मलाही नाकारलं. एवढा शिकला तो यासाठी? कागद फाडून चुलीत घालावा असं वाटलं. पण फाडला असता तर त्यानं तिथं जाऊन दुसरा लिहिला असता, हात काही मी बांधू शकत नव्हते. सुईत दोरा ओवलेलाच होता, अंजूच्या आईच्या ब्लाउजचा, हिरवागार. मी कागद खिशात परत ठेवला आणि खिशाचं तोंड शिवून टाकलं. साधे टाके नाहीत, उलटी टीप, सुईही जाणार नाही अशी. काढायचाच असेल कागद तर चारचौघांत टाके उसवून काढ म्हटलं, तेवढ्या वेळात तरी लाज वाटू दे.

तो ओल्या डोक्यानं बाहेर आला, एस.टी.चा हॉर्न वाजला, आणि त्यानं शर्ट अंगात घालत घालतच धाव घेतली. खिशाकडं बघायला त्याला वेळच झाला नाही. त्याच्या मागोमाग मीही बसमध्ये चढले.

"तू कुठं?" त्यानं विचारलं.

"पालकांना बोलवलंय ना? तुझा पालक कोन?"

त्यानं पिशवी छातीशी धरली आणि तो बाहेर बघत बसला. मी मुरबाडपर्यंत दुसरीकडं तोंड फिरवून बसले.

चौकशी तंत्रनिकेतनच्या वर्कशॉपमध्येच ठेवली होती. लेथ मशिनं बंद, मधे टेबल, टेबलामागं दाबके साहेब. मंडळानं पुण्याहून पाठवलेले, जाड भिंगाचा चष्मा, पोट सुटलेलं, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. समोर पोरं ओळीनं उभी, भिंतीला टेकून आम्ही आयाबाया.

त्यांनी आधी पोश्या नावाच्या पोराला बोलावलं. "माया म्हणजे काय?"

पोश्या घामाघूम झाला होता. म्हणाला, "साहेब, कुऱ्हाडीला दांडा बसवताना आमी लाकूड जरा जाड ठेवतो. मग तासत तासत बसवतो. ते जाड ठेवलेला, ती माया. ओतीव कामाला पन तशीच." मग टेबलावरचा ओतीव तुकडा उचलून कुठल्या बाजूला किती ठेवायची तेही त्यानं दाखवलं.

अंजूनं ब्लाउजच्या शिवणीवरून सांगितलं. धाकलूनं दरवाज्याची फळी आणि रंधा सांगितला. एकेक पोर येत होतं, दर पोराचं उदाहरण निराळं आणि तुकड्यावर दाखवलेलं माप मात्र बरोबर. दहा-बारा पोरांनंतर साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"कॉपी केलेली मुलं असं सांगू शकत नाहीत," ते प्राचार्यांना म्हणाले. मग पोरांकडं वळले. "पण हा शब्द कुठल्याच पुस्तकात नाही. तुम्हाला कुणी शिकवला?"

पोरांना वाटलं, नाव घेतलं तर सरांची नोकरी जाईल. अंजू म्हणाली, "कोनी नाय, साहेब. आमच्याकडं बोलतातच."

"एकतीस जणांकडं?"

"हां साहेब. एकतीसच्या एकतीस," पोश्या म्हणाला.

साहेबांचा चेहरा परत कडक झाला. पोरं खोटं बोलतायत हे त्यांना कळत होतं, आणि खोटं कशासाठी ते कळत नव्हतं. तेव्हा भगीरथ पुढं झाला. पुढं होता होता त्यानं खिशाकडं हात नेला.

हात आत जाईना. त्यानं खाली बघितलं. सायीच्या रंगाच्या शर्टावर हिरवे टाके. त्यानं बोटानं चाचपले, मग मान वर करून भिंतीकडं, माझ्याकडं बघितलं. मी डोळे वटारून उभी होते. भावाकडं मी एवढ्या रागानं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

त्यानं हात खाली घेतला.

"मी शिकवला," तो मोठ्यानं म्हणाला. "पोरं मला वाचवायला खोटं बोलतायत. शब्द मी शिकवला, आणि उद्या वर्ग घेतला तर पुन्हा हाच शिकवीन. पुस्तकातला शब्द पक्का करून घ्यायचा राहिला, ती माझी चूक. त्याचे मार्क पोरांचे कापू नका."

माझा राग तिथंच निम्मा उतरला. उतरायला पाहिजे होता पूर्ण, पण माझा राग असाच आहे, हप्त्यानं उतरतो.

साहेब म्हणाले, "पण सर, हा तांत्रिक शब्द नव्हे. माया हा आईच्या बाबतीत वापरायचा शब्द. कारखान्यात कोण वापरतं?"

आता मला राहवेना. मी पुढं गेले. "साहेब, मी राही. सरांचा पालक. शब्द माझ्या दुकानातला हाय. जरा मागं वळता का?"

प्राचार्य "अहो बाई, अहो बाई" करायला लागले. साहेब गोंधळून खरंच वळले.

"तुमच्या पँटीला मागं मधोमध दोन बोटाची पट्टी हाय ना, ती बाकीच्या कापडापेक्षा गडद दिसते. का? तर ते कापड इतकी वर्सा आतल्या बाजूला व्हता, उन्हाला लागला नाय. तुमचा पोट वाढला, तेव्हा शिंप्यानं ती उसवून पँट सैल केली. ज्यानं पयल्यांदा पँट शिवली त्यानं ते कापड मुद्दाम आत ठेवला, म्हनून तुमाला नवी पँट घ्यायला लागली नाय. त्याला माया बोलतात. तुमी ती नेसून पुन्यावरना आलात, आन् विचारता कोन वापरतो!"

मग साहेबांनी मागं हात नेऊन ती शिवण चाचपली आणि ते हसले. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. आधी पोरं हसली, मग प्राचार्य, सगळ्यांच्या शेवटी मी.

पंधरा दिवसांत निकाल लागला. एकतीसच्या एकतीस पास. भगीरथशी मी बोलायला लागले, पण खिशाचा विषय मी काढला नाही आणि त्यानंही काढला नाही. तो शर्ट त्यानं न धुता, तसाच घडी घालून पेटीत ठेवला. तोंडानं खरं बोलला ना, मग लिहिलेलं गेलं चुलीत, असं म्हणून मी माझ्यापुरतं मिटवलं.

दोन वर्षांनी पत्र आलं. अभियंत्यांची एक जुनी संस्था मेकॅनिकल शिकवणाऱ्या एका अध्यापकाला दरवर्षी पुरस्कार द्यायची, अख्ख्या राज्यातून एकालाच, आणि तो ज्याच्या त्याच्या तालुक्यात येऊन, त्याच्या माणसांसमोर. त्या वर्षी भगीरथ. नाव सुचवणारे दाबके साहेब. मी ते पत्र दुकानात फळीवर ठेवलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला "सहज पडलंय तिथं" म्हणून दाखवलं. चौथ्या दिवशी त्याला तेलाचा डाग पडला.

समारंभाच्या आदल्या दिवशी मी त्याच्यासाठी कोटाचं कापड काढून बसले, तर हा पेटीतला तोच शर्ट घेऊन आला. "बाय, हाच घालीन. बगलेत आवळतो, तेवढा सैल कर. पन खिशाला हात लावू नको."

मी बाजूची माया सोडली. खिशाचे टाके तसेच राहू दिले. का म्हणून विचारलं नाही, माझीच खोडी होती ना ती.

शहापूरच्या सभागृहात त्या एकतीसपैकी कोण आलं नव्हतं ते विचारा. मुरबाडच्या कारखान्यातून पोश्या रात्रपाळी करून तसाच आला होता. धाकलू आला, कंडक्टर बापाला घेऊन. अंजू तर एका कंपनीत ड्रॉइंग करत होती, तिची आई पहिल्या रांगेत हिरवा ब्लाउज घालून बसली होती. दाबके साहेबांनी मानपत्र वाचलं, आणि त्यात माया हा शब्द होता. छापलेला. माझ्या दुकानातला शब्द जाड कागदावर सोनेरी चौकटीत! मला वाटलं, उठावं आणि साऱ्या किन्हवलीला ओरडून सांगावं. मी उठले नाही, पण अंजूच्या आईचा हात इतका दाबला की ती कळवळली.

मग भगीरथ बोलायला उभा राहिला. त्या चौकशीची गोष्ट त्यानं सांगितली, आणि छातीवरच्या हिरव्या टाक्यांवर बोट ठेवलं.

"त्या दिवशी या खिशात माझा राजीनामा होता," तो म्हणाला. "लिहिलं होतं, की शब्द मी शिकवला, मुलांचा काही दोष नाही, त्यांचा निकाल लावा, मी नोकरी सोडतो. तो टेबलावर ठेवून मी गुपचूप निघून जाणार होतो. माझ्या बहिणीनं सकाळी तो वाचला. बोलली काही नाही, खिसाच शिवून टाकला. साहेबांसमोर माझा हात आत जाईना, तेव्हा मला कळलं, बाय सांगतेय, पळू नको, उभा राहून तोंडानं बोल. ती नसती तर मी आज शिक्षकच नसतो. म्हणून हे टाके मी उसवले नाहीत."

सगळं सभागृह उभं राहिलं. लोक वळून वळून माझ्याकडं बघत टाळ्या वाजवत होते. आणि मी जमिनीत जागा शोधत होते. माझा भाऊ पोरांसाठी नोकरीवर पाणी सोडायला निघाला होता, आणि मी त्याला दोन वर्षं मनात भित्रा ठरवून ठेवला होता. लहानपणापासून मी वाढवलेला माणूस, आणि इंग्रजीच्या दहा ओळींनी मी त्याला ओळखायला विसरले. अभिमानानं छाती भरून आली होती आणि त्याच छातीत कुणी सुई खुपसली होती.

परतीच्या एस.टी.त आम्ही शेजारी बसलो. त्याच्या मांडीवर ते मानपत्र. आता मनात धरून ठेवणं मला जमेना, सरळ सांगून टाकलं.

"भग्या, मी तो कागद वाचला नव्हता. मला इंग्रजी कुठं येतं?"

"मला वाटला, अंजूकडून वाचून घेतलास."

"नाय. मला वाटला, प्राचार्य बोलला तसा लिहिलास तू. पोरांना सोडलास. म्हनून रागानं शिवला."

तो मानपत्राच्या चौकटीवरून बोट फिरवत बसला. शेणव्याचा फाटा आला, माणसं उतरली, चढली, गाडी परत सुटली, तरी बोट चौकटीवरच. मी म्हटलं, आता हा माझ्याशी कधी बोलणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

मग म्हणाला, "म्हंजे बाय, माप चुकला तुझा."

"चुकला रे. गिऱ्हाइकाचा कधी चुकला नाय, तुझाच चुकला."

"चुकू दे. माया होती ना आत."

मला रडू फुटलं. मी खिडकीकडं तोंड केलं, तर तो कोपरानं ढोसत म्हणाला, "रडू नको गो. आता तो खिसा तेवढा उसव. पेन ठेवायला जागा नाय मला."

माझ्या पिशवीत ब्लेड असतंच. त्या हलत्या गाडीत मी एकेक हिरवा टाका कापून काढला, कापडाला इजा न करता. कागद मी घेतला आणि घडी न उघडता माझ्या पिशवीत ठेवला, अंजूकडून वाचून घ्यायला. भगीरथनं खिशाला पेन लावलं आणि किन्हवलीला उतरेपर्यंत त्या खिशावरून हात फिरवत बसला.